तानबा बाहेर, शकुबाई आत

११ जुलै १९७९, बुधवार

आज बायकांच्या वर्गात कोणीही नाही! अमेरिकेचं ते स्कायलॅब आज पडणार म्हणे, आणि नेमकं नाचणगावावरच पडणार असं गावाचं ठरलं आहे. चतुराबाईला हाक मारायला गेले तर ती पुऱ्या तळत बसलेली. म्हणाली, "मराचंच हाये तं अक्षरं शिकून काय करू, बाई? वरतं तुमचं कमळ कोण वाचून घेते?"

हे म्हणाले, "पुलगावच्या दारूगोळ्याच्या कोठारावर पडलं तर वरून आणि खालून, दोन्हीकडून सोय." यांना प्रत्येक गोष्टीत गंमत.

मी एकटीच कंदील लावून बालवाडीच्या खोलीत बसले. फळ्यावर ‘कमळ’ लिहिलं. पुसलं. परत लिहिलं. अक्षर माझं सुंदर आहे, यात वाद नाही. विद्यार्थी तेवढे नाहीत.

१२ जुलै

पडलं — ऑस्ट्रेलियात! गाव जरा हिरमुसलंच. वर्गात आजही कोणी नाही. म्हणजे दोष स्कायलॅबचा नव्हता.

१९ जुलै

इथे कोण वाचतंय, तेव्हा खरं काय ते लिहून टाकते. सरकारची प्रौढ शिक्षणाची योजना आली आणि बालवाडीची बाई म्हणून बायकांचा वर्ग माझ्या गळ्यात पडला. सिंदी मेघ्याला शिबिर होतं. सगळे बोलले, म्हणून मलाही बोलावंसं वाटलं. हीच माझी खोड. उठून म्हणाले — बायकांना ‘कमळ’ नि ‘नांगर’ कशाला? त्या दिवसभर नांगरामागेच असतात. त्यांना वनवासाच्या गोष्टी सांगू. घरातून निघणं, रानात भटकणं, परत येणं. प्रत्येकीच्या पोटात असा एक वनवास असतोच. गोष्ट ऐकता ऐकता तो हलका होईल, मन बरं होईल, आणि त्याच गोष्टीतले शब्द आपण फळ्यावर लिहू!

टाळ्या पडल्या. पर्यवेक्षक मधुकरराव म्हणाले, "वच्छलाताई, हा प्रयोग तुमच्याच वर्गात झाला पाहिजे."

टाळ्या पडल्या नसत्या तर मी आज घरी निवांत असते. आता आर्वीला बाबा चातुर्मासात पोथी वाचायचे, त्यातलं काय काय आठवतं ते शोधत बसले आहे. बाबा वाचायचे तेव्हा मी बहुतेक झोपलेली असायची.

२६ जुलै

पोथी आहे म्हटल्यावर आल्या! खोली भरली. मी पदर खोचून उभी. सावित्रीची गोष्ट निवडली. यम पुढे, सावित्री मागे, रान, काटे, अंधार. आवाज चढवला, उतरवला. शेवटी नवरा उठून बसला तेव्हा मीच पदराने डोळे पुसले.

खोलीत शांतता. मला वाटलं, परिणाम!

मग चतुराबाई म्हणाली, "आमच्यातल्या अर्ध्या रांडमुंड हायेत, बाई. आमी यमाच्या मागं मागं नाई गेलो म्हणून आमचे मेले काय मंग?"

जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. घेतलं नाही. मी म्हणाले, "लिहा — यम." कोणी लिहिलं नाही.

२७ जुलै

यांना सांगितलं. हे इतके हसले की यांना ठसका लागला. यांच्या पुलगावच्या मिलमध्येही सांगणार, यात शंका नाही.

९ ऑगस्ट

आज थोडं जमलं असं म्हणते. नळ-दमयंती. नळ रानात झोपलेल्या दमयंतीचं अर्धं वस्त्र फाडून घेऊन निघून जातो, तिथवर आले आणि पाहिलं — कोकिळा ओठ चावून बसली आहे. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी नागपूरला गेला तो तिथेच राहिला, दुसरीसोबत. पुन्हा चुकीची गोष्ट! मी घाईघाईने पुढे पळायला लागले. तर कोकिळाच म्हणाली, "थांबा जी. अर्धंच नेलं ना त्यानं? चांगला होता बाप्पा. आमच्या घरच्यानं तं बांगड्या नेल्या, घमेलं नेलं, अन् दाराची कडी काढून नेली. कडी कायले लागते माणसाले?"

सगळ्या हसल्या. मग कोकिळाही. वर्ग सुरू झाल्यापासून तिचे दात मी आज पहिल्यांदा पाहिले.

दमयंतीने नळाला शोधून काढण्यासाठी दुसऱ्या स्वयंवराची खोटी आवई उठवली, हे तिला फार आवडलं. दोनदा सांगायला लावलं. मी फळ्यावर ‘परत’ लिहिलं. कोकिळाने पाटीवर बघून बघून काढलं, मग म्हणाली, "कोण परत? तो? नाई पाह्यजे." आणि बोटाने ‘त’ पुसून टाकला. "आता काय राह्यलं?"

मी म्हणाले, "पर."

"पर म्हंजे पाखराचे?"

"हो."

"हे राहू द्या मंग."

याला पद्धत म्हणायचं की योगायोग, मला ठाऊक नाही. मधुकररावांना पद्धत असंच सांगणार.

६ सप्टेंबर

आज वर्ग चालू असताना बाहेर ओट्यावर एक माणूस येऊन बसला. पन्नाशी ओलांडलेला, टोपी हातात. मी विचारलं, कोण? तो म्हणाला, "पुरुषायच्या वर्गात गेलतो. गुरुजी म्हणे, तुमच्याकडं पाहून बाकीचे उठून जातात. इथं बसलो तं चालते काय? आत नाई येत."

मी म्हणाले, "बसा." मला काय माहीत!

आत वळले तर सगळ्या जणी शकुबाईकडे बघत होत्या. शकुबाईने पाटी उचलली, चप्पल घातली आणि त्याच्या अंगावरून निघून गेली. त्याने मान वर केली नाही.

तो तानबा. शकुबाईचा भासरा — तिच्या नवऱ्याचा, नत्थूचा, थोरला भाऊ. दोघांची शेतं लागून. बऱ्याच वर्षांपूर्वी, पेरणीच्या आधी, धुऱ्यावरच्या म्हणजे बांधावरच्या एका बाभळीवरून भांडण झालं आणि तानबाने बंडीची उभारी, बैलगाडीच्या कडेचा दांडा, उपसून भावाच्या डोक्यात घातली. जन्मठेप झाली. आम्ही नाचणगावात राहायला आलो ते त्यानंतर, म्हणून मी नुसतं ऐकून होते. तो आता सुटून आला आहे. बायको मधल्या काळात वारली, मूल नव्हतंच. गावात त्याच्याशी कोणी बोलत नाही. दुकानदार सामान देतो, पण हातात नाही, फळीवर ठेवतो.

आणि मी त्याला म्हणाले, बसा!

७ सप्टेंबर

चतुराबाई आली. "एक तं त्याले ठेवा, नाई तं शकूले."

मी म्हणाले, विचार करते. विचार केला. काहीच ठरवलं नाही. काही न ठरवणं मला फार छान जमतं.

१० सप्टेंबर

तानबाला पाटी दिली. ‘क’ काढून दाखवला. त्याने काढला तो वाकडा, अगदी कोंबडीने पाय ओढल्यासारखा. मला त्याची फार दया आली.

२ ऑक्टोबर

शकुबाई आली! मी काही बोलायच्या आत म्हणाली, "वर्ग माह्या घराजवळ हाये. मी काऊन जाऊ? जाचं असन तं त्यानं जावं." दाराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली. फळा तिच्या उजव्या खांद्यामागे, दाराला लागून येतो. तरी बसली.

तर आता असं आहे — तानबा बाहेर, शकुबाई आत, आणि उंबऱ्यावर मी. दोघांना एकाच गोष्टीने बरं करायचं, असं माझ्या डोक्यात आलं आहे. माझ्या डोक्यात काही आलं की मी स्वतःच घाबरायला हवं.

१६ ऑक्टोबर

घाबरायला हवं होतं!

दिवाळी तोंडावर, म्हणून राम अयोध्येला परत येतो ती गोष्ट घेतली. मनात साधा हिशेब — चौदा वर्षं बाहेर राहिलेला माणूस घरी येतो, सगळे त्याचं स्वागत करतात, दिवे लावतात. ऐकून बायकांची मनं वितळतील. भरत धावत येऊन रामाच्या पायाशी पडतो, राम त्याला उचलून छातीशी धरतो. भावा-भावांची भेट! मी ओट्याकडे एक करुण नजरही टाकली. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

शकुबाई भिंतीकडेच तोंड करून म्हणाली, "बाई, रामानं भरताले मारलं होतं काय?"

मी खडू शोधायला लागले.

"मंग हे गोष्ट कोणासाठी सांगून राह्यल्या तुमी?"

उठली नि गेली. यावेळी तानबाही गेला. दुसऱ्या बाजूने, पाटी ओट्यावर नीट ठेवून. कंदिलात तेल भरपूर होतं, तरी सगळ्या म्हणाल्या तेल संपलं.

१७ ऑक्टोबर

माफी मागायला शकुबाईच्या मळ्यात गेले. ती पुलगावच्या बाजारासाठी वांगी तोडत होती. माझ्याकडे न बघता एक टोपली पुढे सरकवली. मीही तोडायला लागले. काटे किती असतात वांग्याला! ती मधूनच माझी तोडलेली वांगी उचलून बघे आणि काही न बोलता वेगळी ठेवे. ती कोवळी होती, असं नंतर कळलं.

मी म्हणाले, "चुकलं माझं."

ती म्हणाली, "मले कोण्या कथेत बसवू नका, बाई. सीता नको अन् सावित्री नको. गावानं आतालोक लय जागी बसवलं मले."

टोपली भरल्यावर ती आपणहून बोलली. "मले एकच गोष्ट ऐकाची हाये. ते तुमच्या पोथीत नाई."

"कोणती?"

"मालकाले बंडीत टाकून दवाखान्यात नेलं. नेलं त्यानंच. दोघंच होते. रस्त्यात गेले मालक. मरताना ते काय बोलले, ते मले कोणी नाई सांगतलं. कोर्टात बसली होती मी. वकील लय बोलले. तेवढंच नाई निंघालं."

"तानबाजींना विचारलं नाही कधी?"

"भासऱ्यासंग तसंही कोण बोलते, बाई? अन् याच्यासंग?"

परत येताना अर्धा रस्ता मी तानबाला काय नि कसं विचारायचं, याची वाक्यं जुळवत होते. उरलेला अर्धा रस्ता स्वतःला बजावत होते की वच्छला, तू गप्प बस.

१८ ऑक्टोबर

गप्प बसले. जमतं मला! नोंद करून ठेवावी अशी गोष्ट.

२० नोव्हेंबर

कापूस वेचणी जोरात. बायका थकून येतात आणि गोष्ट अर्ध्यावर असताना भिंतीला टेकून झोपतात. बाबांचे श्रोतेही असेच झोपायचे, त्यात मी एक. बाबा का चिडत नसत, ते आता कळलं. झोपलेलं माणूस निदान आलेलं तरी असतं.

एक मात्र लिहिलंच पाहिजे. तानबाची प्रगती थक्क करणारी आहे! जोडाक्षरं वाचायला लागला. परवा साखरेच्या पुडीचा कागद सबंध वाचला, अडखळत, पण सबंध. मधुकररावांकडे अहवाल पाठवला. त्यात लिहिलं की प्रवासकथेच्या पद्धतीने एका तुरुंगातून आलेल्या दुःखी प्रौढाला दोन महिन्यांत वाचन आलं. ‘दुःखी’ खोडून ‘पीडित’ लिहिलं. मग ‘पीडित’ खोडून परत ‘दुःखी’.

हे म्हणाले, "दोन महिन्यांत? तू चार वर्षं गणितात नापास होत होतीस, तेव्हा अशी पद्धत कुठे होती?"

१२ डिसेंबर

आजचं आजच लिहायला हवं.

परतीच्या गोष्टींनी काय झालं ते दिसलंच. म्हणून म्हटलं, आता अशी घेऊ की जिच्यात कोणी परतच येत नाही. पांडवांचा शेवटचा प्रवास. राज्य सोडून पाच भाऊ आणि द्रौपदी हिमालयाकडे निघतात, मागून एक कुत्रं. थंडी मोठी होती, सगळ्या एकमेकींना खेटून बसलेल्या. तानबा बाहेर घोंगडी पांघरून. शकुबाई भिंतीकडे.

वाटेत पहिली द्रौपदी पडते. चतुराबाई लगेच म्हणाली, "बाईच पह्यले पडली ना? पाचायचं करून करून थकली असन." मग सहदेव, मग नकुल, अर्जुन, भीम. धर्मराज वळून न बघता चालतो. उरतं ते कुत्रं. इंद्राचा रथ येतो, धर्मराज म्हणतो, कुत्र्याला सोडून मी येत नाही. फार रंगले होते मी. आणि अगदी त्याच क्षणी मला आठवलं, स्वर्गात गेल्यावर धर्मराजाला सगळ्यांत आधी कोण दिसतं!

घाईघाईने आवरतं घेतलं. म्हणाले, "मग धर्मराज कुत्र्यासकट स्वर्गात गेला. संपली गोष्ट. लिहा — कुत्रा."

बाहेरून आवाज आला. "बाई, पुढं हाये."

मी ऐकलं नाही असं दाखवलं. फळ्याकडे वळून ‘कुत्रा’ लिहायला लागले.

"पुढं हाये, बाई," तानबा म्हणाला. "स्वर्गात दुर्योधन बसला होता. चांगला सिंहासनावर. धर्मराजानं पाह्यलं, अन् म्हणे, हा जिथं हाये तिथं मी नाई बसत. माह्ये भाऊ कुठं हायेत, तिथं न्या मले."

शकुबाईची पाठ ताठ झालेली दिसली. ती भिंतीला म्हणाली, "बराबर केलं त्यानं."

"हो," तानबा म्हणाला.

"मंग कुठं गेला धर्मराजा?"

"नरकात. भाऊ तिथं होते. म्हणे, मले इथंच राहू द्या, भावापाशी."

"अन् दुर्योधन?"

तानबाने घोंगडी अंगाभोवती ओढली. "तो बसूनच राह्यला. त्याच्यासंग मंग कोणी बोललं का नाई, ते पोथीत नाई लिवलं. मी लय खेपा पाह्यलं."

मी अंग आवळून उभी. आता ती उठणार, पाटी घेणार, जाणार. शकुबाई उठली नाही. वर्ग सुटेपर्यंत बसली. सुटल्यावर सगळ्यांसारखी उठली आणि सगळ्यांसारखी गेली.

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. हे आज हसले नाहीत. म्हणाले, "लय खेपा पाह्यलं म्हणाला? कुठे पाहिलं? पोथीत? वाचून?"

मला हे सुचलंच नव्हतं!

१३ डिसेंबर

विचारलं. "तानबाजी, तुम्हाला वाचता येत होतं?"

"येते."

"कधीपासून?"

"जेलात शिकवलं. तिथं महाभारताची पोथी होती एक. तेच वाचो."

"मग माझ्यापुढे वाकडा ‘क’ का काढत होता?"

"पह्यल्याच दिशी सरळ काढला असता तं तुमी म्हणल्या असत्या, तुमाले येते, जा आता घरी." टोपी त्याने या हातातून त्या हातात घेतली. "घरी कोण हाये? इथं आवाज राह्यते बायकायचा. मले वाटे, हळूहळू शिकलो तं दोन-तीन साल निंघतीन." आणि मग म्हणतो, "पर वाकडा काढाले लय त्रास झाला, बाई."

माझा एकुलता एक चमत्कार! अहवाल तर वर्ध्याला पोचलासुद्धा. मधुकरराव तो कुठल्या सभेत वाचणार आहेत म्हणे.

त्याची पाटी मी परत मागितली नाही.

२८ डिसेंबर

गोष्ट कोणतीच नव्हती आज. उजळणी. बायका उठायला लागल्या तशी शकुबाई म्हणाली, "थांबा. बाई, त्याले इचारा."

"काय विचारू?"

"मालक काय बोलले."

तानबा ओट्यावर, चार हातांवर. त्याला ऐकू गेलंच होतं. तरी मी दारात जाऊन म्हणाले, "शकुबाई विचारतात, नत्थूजी शेवटी काय बोलले?" मधे मी, टपालखात्यासारखी. याहून उपयोगाचं काम मी वर्षभरात केलं नव्हतं.

त्याने टोपी मांडीवर ठेवली. मग माझ्याकडे बघून, पण आत ऐकू जाईल असं सांगू लागला.

"मारलं अन् माह्या हातातली उभारी पडली. मंग मीच बंडी जुपली. त्याले कडब्यावर निजवलं. डोकं मांडीवर घेतलं असतं, पर बैल हाकाले कोणी नव्हतं. नाल्यापाशी बंडी आदळली तं म्हणे, दादा, हळू. मी हळू हाकली. मंग वाटे, हळू गेलो तं मरन, म्हणून जोरात हाकली. मंग पुन्हा हळू. काय कराव ते समजेच ना. पुलगाव दिसाले लागलं. मिलचा दुपारचा भोंगा झाला. तेव्हा त्यानं डोये उघडले. म्हणे, दादा, शकूनं भाकर देली बांधून. बाभळीखाली हाये. वाया जाईन. तू खाऊन घेजो."

तो थांबला.

"मंग?" हे मीच म्हणाले.

"मंग नाई बोलला."

शकुबाई भिंतीकडे. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. म्हणाली, "भाकरीसंग काय होतं, इचारा."

"मले नाई माहीत," तानबा म्हणाला. "मी परत गेलोच नाई तिथं. दवाखान्यातूनच पोलिसानं नेलं."

"बराबर," शकुबाई म्हणाली. "गठुडं तसंच बांधेल होतं. तिसऱ्या दिशी मले भेटलं, मुंग्या लागेल. काय होतं ते सांगतलं असतं तं मी समजली असती, खोटं बोलून राह्यला." मग आवाज चिरला. "कोर्टात काऊन नाई सांगतलं?"

"कोणी इचारलं नाई. उभारी कोणाची, ते इचारलं. कुठं मारलं, किती मारलं, ते इचारलं. तो काय बोलला, ते नाई इचारलं. मी आपल्या मनानं सांगतलं असतं तं म्हणले असते, सुटाले पाह्यते."

चतुराबाई पदराने डोळे पुसत होती. कोकिळाने शकुबाईचा हात धरला होता. शकुबाई रडली नाही. हात सोडवून घेतला, मांडीवर पाटी ओढली आणि पहिल्यांदाच फळ्याकडे तोंड केलं. म्हणजे दाराकडेही.

"तक्कू कसं लिवतात, बाई? कैरीचा तक्कू होता. मालकाले आवडे."

जोडाक्षरं आम्ही अजून नीट घेतलीच नव्हती. मी फळ्यावर लिहिलं. माझं अक्षर इतकं वाईट कधी आलं नसेल. तिने बघून बघून काढलं. दोनदा पुसलं, पुन्हा काढलं. तानबा बाहेर अंधारात टोपी तोंडावर धरून बसला होता. आम्ही सगळ्या ती लिहून होईपर्यंत थांबलो.

२९ डिसेंबर

आज वर्ग नाही. कोणी आलं नाही याचं पहिल्यांदाच बरं वाटलं.

८ जानेवारी १९८०

निवडणूक झाली. बालवाडीच्या खोलीतच मतदान होतं. चतुराबाईने अंगठ्याऐवजी सही केली. इतकी सावकाश की मागची रांग ओरडायला लागली. ती वळून म्हणाली, "माह्यं नाव लंबं हाये, मी काय करू?"

मधुकरराव भेटले. माझा अहवाल सभेत फार गाजला म्हणाले! वर्ध्याला येऊन सांगा, प्रवासकथेने माणूस कसा बरा होतो. मी म्हणाले, "मला ठाऊक नाही, साहेब. मी चुकीच्या गोष्टी सांगते, मग माणसंच त्या दुरुस्त करतात."

ते हसले. त्यांना वाटलं, मी विनय दाखवते आहे.

तानबा ओट्यावर असतोच. आता कोकिळा त्याला पाटी दाखवून विचारते, "हे बराबर हाये का जी?" तो म्हणतो, बराबर हाये. नसलं तरी म्हणतो. शकुबाई फळ्याकडे तोंड करून बसते. दोघं बोलत नाहीत. मी त्यांना बोलतं करायचा प्रयत्न करत नाही. अंगात येतं, पण करत नाही.

२० जानेवारी

सकाळी शकुबाई दारात. पाटी माझ्या हातात दिली. म्हणाली, "मी आता नाई येत, बाई."

माझा चेहरा बघून म्हणाली, "तुमच्यावर राग नाई. इचाराचं होतं ते इचारलं. लिवाचं होतं ते लिवलं. पर त्याच्यासमोर रोज बसणं नाई होत मले. नाईच होत."

पायरी उतरली. थांबली. पदर डोक्यावरून सारखा केला.

"माह्यी जागा खाली हाये. भासऱ्यायले म्हणा, आत बसा."

संध्याकाळी तानबाला निरोप सांगितला. त्याने दोनदा विचारलं, "भासरे म्हणली?" मग चप्पल काढून आत आला. एकही बाई उठली नाही. तो शकुबाईच्या जागेवर बसला नाही. तिच्या शेजारी बसावं तसा बसला, ती जागा मोकळी ठेवून.